दोरूदपुढचा रस्ता

नवरोजच्या सुट्टीत कुठे जायचं यावर आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. भांडण होतं ते कसं जायचं यावर. कुठे, ते ठरलेलंच. खाली अंदीमेश्कला, जिथे आम्ही तिघं भावंडं वाढलो आणि जिथे बाबांची कबर आहे. मार्च सरत आला तरी तेहरानात अंगातला स्वेटर उतरत नाही, आणि तिकडे दिज़ नदीच्या काठी गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असतं. आणखी दोन महिन्यांनी गेलं तर माणूस भाजून निघतो. म्हणून जायचं तर नवरोजलाच.

या वर्षी मात्र मी कंबर कसली होती. दाच्या गुडघ्यांचं काही खरं राहिलं नव्हतं. दा म्हणजे आमची आई; आम्ही लोर, आमच्यात आईला दा म्हणतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "खानूम, कुठे न्यायचं असेल तर याच वर्षी न्या." म्हणजे दाचा हा शेवटचा लांबचा प्रवास. तो तिच्या मनासारखा व्हावा, एवढंच मला हवं होतं. आणि तिच्या मनातलं मला नाही कळणार तर कुणाला? लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, शाळेत पोरं शिकवता शिकवता निवृत्त झाले, आणि इतकी वर्षं दाच्या शेजारच्या खोलीत राहते. तिला चहा किती गडद लागतो, झोपताना तोंड कुठल्या बाजूला, सगळं मला पाठ. तिला ट्रेननेच जायचं असणार. यात विचारण्यासारखं होतंच काय?

नवरोजला महिना असताना एका शुक्रवारी सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. त्या दिवसांची तिकिटं विक्रीला येतात आणि चहा निवायच्या आत संपतात, तेव्हा आधी एकमत हवं. आमच्या घरात एकमत म्हणजे मी म्हणेन ते, पण त्याला थोडा वेळ लागतो.

"विमान," भाऊ कियूमर्स दात कोरत म्हणाला. "तासाभरात अहवाज. तिथून टॅक्सी. विषय संपला."

"आणि विमानतळावर ताटकळत बसायचं ते कुठे गेलं? मागच्या खेपेला सकाळचं विमान तुझं संध्याकाळी उडालं. दर तासाला फोन करून माझं डोकं खाल्लंस."

"ते एकदाच झालं, आबजी." आबजी म्हणजे मी, त्याची थोरली बहीण.

"आणि खिडकीतून दिसतं काय? पंख. पंखाचा फोटो लावायचा का भिंतीवर, आमची कौटुंबिक सहल म्हणून?"

त्याची बायको महवश हसली आणि मग नवऱ्याकडे बघून तिने हसू आवरलं. त्यांची पोरगी तीना फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, तिला कसंही चालेल, फक्त नेट हवं.

फरंगीस, आमची सगळ्यात धाकटी. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने दोन गोष्टी मनापासून केल्या, केस कापले आणि गाडी घेतली. ती म्हणाली, "मोटारीने जाऊ या. एक माझी, एक कियूमर्सची. हवं तिथे थांबायचं, हवं तेव्हा निघायचं. कुणाच्या बापाचं वेळापत्रक नाही."

"थांबायचं तर खरंच. कुमच्या टोलनाक्यावर निम्मं तेहरान थांबलेलं असतं, त्यांच्या मागे तू थांब. आणि तू गाडी हाकतेस की आगीचा बंब? त्या दिवशी मला बाजारात नेलंस, तर वाटेत जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हणून झाल्या."

"मग तू बस स्टिअरिंगला."

"मला येत असतं तर तुझे पाय धरले नसते."

आता माझी पाळी होती. मी काही मुद्दे काढून बसले नव्हते. मी फक्त आठवण करून दिली. बाबा रेल्वेत सिग्नलच्या कामावर. वर्षातून एकदा साऱ्या घराला फुकट पास मिळायचा, आणि आम्ही उन्हाळ्याची सुट्टी लागली की अंदीमेश्कच्या भट्टीतून निघून वर थंड हवेत, तेहरानच्या मावशीकडे जायचो. सहा जागांचा डबा. दार लावून घेतलं की ते आमचं घर. दाने आदल्या दिवशी तळलेल्या कटलेटांचा वास त्या डब्याला असा काही लागायचा की शेजारच्या डब्यातली माणसं काहीतरी निमित्त काढून दारात यायची, आणि दा त्यांना बसवून घ्यायची. प्रत्येक स्टेशनावर बाबा खाली उतरायचे. झेंडीवाल्यापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात पडायचे. ट्रेन हलायला लागली की चालत्या डब्याच्या दांडीला धरून आत, आणि आम्ही तिघं खिडकीतून केकाटत. बिशेच्या स्टेशनावर बायका डोक्यावर दही घेऊन यायच्या. मग बोगदे. अंधार झाला की कियूमर्स मला चिमटे काढायचा आणि उजेडात येताच साळसूद चेहरा करून बसायचा. फरंगीस तेव्हा एवढीशी होती, बाबांच्या टोपीत तिचं अख्खं तोंड मावायचं. माझं बालपण म्हणजे ती ट्रेन.

"दही आठवतं," कियूमर्स हळूच म्हणाला. दात कोरायचं त्याने थांबवलं होतं.

"मोटारीत गेलो तर आपण दोन कुटुंबं," मी म्हणाले. "विमानात तर प्रत्येकाच्या पुढ्यात दुसऱ्याचं टक्कल. डब्यात आपण सहाजण समोरासमोर. आणि दाचा जीव त्या ट्रेनमध्ये आहे."

दा कोपऱ्यात चटईवर कोथिंबीर आणि मेथी निवडत बसली होती. फरंगीस तिच्याकडे वळली. "दा, तू सांग की. तुला कसं जायचंय?"

"मला काय विचारता? तुमचं ठरेल ते. मी आपली सामानासारखी, ठेवाल तिथे राहीन."

"तरी पण, दा," कियूमर्स म्हणाला. "विमान, मोटार की ट्रेन?"

"कुणाला त्रास नको. ट्रेन काय वाईट आहे."

"झालं," मी म्हणाले आणि चहा आणायला उठले.

संध्याकाळी फरंगीस निघताना दा तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. मी जिन्यात उभी होते. दाने गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि विचारलं, "ही पुढची सीट मागे सरकते का गं? पाय लांब करायला?"

"सरकते की. बसून बघ ना."

"नको, नको. मुबारक असो, छान आहे." पोरीचं मन राखायला म्हातारी चार गोड शब्द बोलतेय, असं मला वाटलं.

प्रवासाच्या दिवशी पहाटेच स्टेशन गाठलं. डबा आमच्या सहाजणांचाच, तसं मी महिनाभर आधी जमवलं होतं. पण डब्यात पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. खिडक्या पक्क्या बंद, उघडायची सोयच नाही. दाराच्या वर एक टीव्ही, त्यात कुणीतरी कुणाला तरी ठोसे मारतंय. थोड्या वेळाने एक माणूस येऊन प्रत्येकाच्या हातात खोकं देऊन गेला. त्यात केक, ज्यूस आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चमचा. स्टेशनावर कुणी दही घेऊन आलं नाही. आलं असतं तरी काचेतून कसं घेणार?

"काय मस्त आहे नाही," मी म्हणाले.

"फार मस्त," कियूमर्स म्हणाला. "ज्यूसलासुद्धा बालपणीची चव आहे."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दाला खिडकीशी बसवायला गेले. दा म्हणाली, तीनाला बसू दे, पोरगी आहे. तीना म्हणाली, नको, आजीने बसावं. दा म्हणाली, नाही बाळ, माझ्या डोळ्यांना ऊन लागतं. मग महवशने फरंगीसला बस म्हटलं, फरंगीसने महवशला. कुम मागे गेलं तरी खिडकीची जागा रिकामीच, बाकीचे दाटीवाटीने, आणि शेवटी तिथे कियूमर्स बसला आणि घोरायला लागला. आमच्यात हे असंच चालतं. त्याला आम्ही तआरुफ म्हणतो. हवं असलं तरी पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि समोरच्याने तिसऱ्यांदा विचारलं की जे तोंडातून निघेल ते खरं. भाजीवालासुद्धा पैसे घेताना म्हणतो, राहू द्या, दुकान तुमचंच आहे. म्हणून कुणी जुडी घेऊन पळत नाही. दूध पिणाऱ्या पोरालाही आमच्यात एवढं कळतं.

दा दारापाशी बसली होती. हात मांडीवर, नजर समोरच्या बाकावर. ठोशांचा आवाज झाला की दचकायची. मी तिला विचारलं, "मजा येतेय ना, दा?" ती म्हणाली, "का नाही येणार?"

दुपारच्या नमाज़ला ट्रेन दोरूदला थांबली. दोरूद म्हणजे मैदान संपून डोंगर सुरू होतो ती जागा. इथून पुढेच नदी, इथून पुढेच बोगदे. ज्यासाठी मी सगळ्यांशी भांडले तो भाग इथून पुढचा. अख्खी ट्रेन खाली उतरली. काहीजण नमाज़च्या खोलीकडे, काहीजण कियूमर्ससारखे सिगारेट ओढायला. मी आणि दाने नमाज़ पढली आणि बाहेरच्या बाकावर आलो. माणसं डब्यांकडे परतायला लागली होती. दा बूट घालत होती. घालतच होती. स्टेशनच्या फाटकापलीकडे टॅक्सीवाले ओरडत होते, "खुर्रमाबाद, खुर्रमाबाद, एक सीट."

"चल, दा. शिट्टी होईल."

"हो, आले." पण ती उठली नाही. "तूबा, खुर्रमाबादचा रस्ता पुढे अंदीमेश्कलाच उतरतो ना अजून?"

"उतरतो. पण आपण ट्रेनने चाललोय."

"हो तर. सहज विचारलं."

ती टॅक्सीकडे बघत होती. दुकानाच्या काचेला नाक लावून पोर बघतं तशी. माझा पाय तिथेच अडकला.

"दा, तुला त्या रस्त्याने जायचं होतं का?"

"छे गं. एवढी तिकिटं काढलीत, जेवण मिळालं, सगळं किती छान."

हे दुसऱ्यांदा. आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्या शुक्रवारी फरंगीसने एकदा विचारलं, कियूमर्सने एकदा. तिसऱ्यांदा विचारायचं ते मी, थोरलीने. आणि थोरली चहा आणायला उठली होती. उत्तर आपल्याला हवं तेच आलंय म्हटल्यावर आणखी खणायला कोण जातं?

मी दासमोर जमिनीवर बसले. तिच्या हातातला बूट काढून घेतला. "दा, माझ्या जिवाची शपथ आहे तुला. खरं सांग. तुला कसं जायचं होतं?"

शपथ घातली की तआरुफ संपतो. दाने इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून.

"मोटारीने," ती म्हणाली. आणि बोलू लागली, एवढं एका दमात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "माझं लग्न झालं तेव्हा पुरात रूळ वाहून गेले होते. रेल्वेतला नवरा, आणि बायकोला घरी न्यायला रेल्वे नाही. तुझ्या बाबाने दोस्ताचा ट्रक मागून आणला. बुरुजिर्दहून, माझ्या माहेरून निघालो. आम्ही दोघंच. मी सतराची, त्याला नीट ओळखतही नव्हते. खुर्रमाबाद गेल्यावर तो म्हणाला, कुठे थांबू या? मी म्हटलं, तुमची मर्जी. तो म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, मला काय कळतं. मग त्याने ट्रक हळू केला आणि पुन्हा म्हणाला, तू सांग ना, कुठे थांबू? आणि मी म्हटलं, इथे. काही नव्हतं गं तिथे. ओढा होता एक. पण मी म्हटलं म्हणून थांबला. मला एवढं हसू आलं होतं. वाटलं, आता आयुष्यभर असंच."

"मग?"

"मग रूळ दुरुस्त झाले. पास आला. पासावर थांबायचं ते ट्रेन थांबेल तिथे. तुमच्या बाबाला दोष देत नाही, माणूस सोन्यासारखा होता. तुम्हाला ती ट्रेन किती आवडायची. मी आदल्या रात्री तळायची, वाटेत वाढायची, तुमच्या चिमट्यांची भांडणं सोडवायची, आणि तुझा बाप उतरला की तो परत चढतो की नाही म्हणून जीव मुठीत. खिडकीतून काय दिसतं ते तुम्हीच सांगायचात. आणि त्यानंतर मला तीनदा कुणी काही विचारलं नाही, तूबा. मी रागावून नाही सांगत. तू शपथ घातलीस म्हणून."

माझ्या सगळ्या बालपणात ती दारापाशी बसली होती आणि मला ते आनंदाने बसल्यासारखं दिसत होतं. मला एवढी लाज वाटली की तिचा बूट हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. मग शिट्टी झाली.

कियूमर्स डब्याच्या दारात उभा राहून हात हलवत होता. "आबजी, चला. काय करताय?"

"तुम्ही व्हा पुढे," मी ओरडले. "मी आणि दा टॅक्सीने येतो. अंदीमेश्कला भेटू."

"अगं, वेड लागलं का तुला? बोगदे आत्ताच तर सुरू होणार. महिनाभर बोगदे बोगदे करून आमचा जीव घेतलास."

"तू बघ. आणि खिडकीशी झोपू नकोस, नाहीतर याद राख."

फरंगीसही दारात आली. तिने एकदा दाकडे पाहिलं, एकदा फाटकापलीकडच्या टॅक्सींकडे, आणि तिला काय कळलं कोण जाणे, तिने कियूमर्सला दंडाला धरून आत ओढलं. ट्रेन हलली. त्या ट्रेनमध्ये मी किती वेळा बसले, पण ती निघून जाताना फलाटावर कधी उभी राहिले नव्हते. शेवटचा डबा वळणावर गेला तेव्हा मला रडू आलं. बाबा गेले तेव्हा आलं होतं तसं. दाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून वेळ आहे, पुढच्या स्टेशनावर गाठू या का? माझ्यासाठी उगाच..."

"दा, आता एक शब्द बोलू नकोस. बूट घाल."

टॅक्सीवाला मध्यमवयीन, पोट सुटलेला, बोलका. पूर्ण गाडी घ्यायची आणि थेट अंदीमेश्क म्हटल्यावर त्याने दाला पुढे बसवलं, सीट पार मागे सरकवली आणि म्हणाला, "माझ्या डोळ्यांवर बसा, माऊली." दाने पाय लांब केले. खिडकीची काच अर्धी खाली केली, मग पुरती खाली केली. तिच्या डोक्यावरून ओढणी घसरली, केस उडायला लागले, तिने सावरले नाहीत. मी मागे एकटी बसले होते. डोंगर आमच्या दोन्ही बाजूंनी चालले होते आणि पलीकडच्या कुठल्यातरी डोंगराच्या पोटातून माझी भावंडं चालली होती. फरंगीसचा मेसेज आला. कियूमर्स जागा आहे आणि खिडकीच्या काचेला तोंड लावून बसलाय, असं तिने लिहिलं होतं.

खुर्रमाबाद मागे पडलं. एका ठिकाणी रस्ता रुंद झालेला, पेट्रोल पंप, त्याला लागून कबाबचं दुकान, ट्रकांची रांग. दाने मान वळवून ते सगळं जाईपर्यंत बघितलं. मी वाट पाहिली. मला विचारायचं होतं, पण माझी जीभ रेटेना. मी विचारलं असतं तर ती पुन्हा म्हणाली असती, तुमची मर्जी. ड्रायव्हर आपला भावाच्या लग्नाची गोष्ट सांगत होता.

बरंच पुढे गेल्यावर, एका उतारावर, जिथे ना दुकान ना झाड, नुसती मेंढरं आणि दगडांतून फुललेली लाल फुलं, दा म्हणाली, "थांबव."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी नुसतं दाकडे बोट केलं. त्याने गाडी बाजूला घेतली.

"दा, हीच का ती जागा?"

"नाही गं. ती मघाशीच गेली. तिथे पेट्रोल पंप आहे आता."

"मग इथे काय आहे?"

"काही नाही," दा म्हणाली. "इथे मला उतरायचंय."

मी तिचं दार उघडायला धावले, तोवर तिने ते स्वतःच उघडलं होतं. तिने पाय खाली टेकवले आणि मला हातानेच मागे थांबवलं.